पुरवंताचे डोळे

शिरसोंडीच्या वीरभद्राची तलवार ईश्वरप्पांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आली, आणि त्यातली एकोणचाळीस वर्षं ती खुद्द ईश्वरप्पांच्या मुठीत होती. लिंगायत घरात लग्नाआधी गुग्गुळ निघतो, तेव्हा मिरवणुकीपुढे वीरभद्राचा वेश चढवून, तलवार नाचवत जो देवाच्या स्तुतीची कानडी वडपं गर्जत जातो, तो पुरवंत. अहमदपूर, उदगीर, देगलूर, तिकडे नांदेडपर्यंत ईश्वरप्पांना बोलावणं असायचं. छातीवर पितळी मुखवटा, कमरेला घुंगरं, कपाळभर भस्म. संबळाचा पहिला ठोका पडला की हा साडेपाच फुटी माणूस दाराच्या चौकटीत मावेनासा व्हायचा. बाया लेकरांचे डोळे पदराने झाकायच्या. म्हातारी माणसं हात जोडून म्हणायची, "वारं आलं."

वारं येणं म्हणजे अंगात देव येणं. तो ईश्वरप्पांच्या अंगात कधीच आला नव्हता. ही गोष्ट त्यांच्या कारभारणीलाही न कळता ती बिचारी गेली. श्वास पोटात कोंडला की मानेच्या शिरा फुगतात. पापणी न लववता ज्योतीकडे पाहत राहिलं की डोळे लाल होतात. हाताचं कापरं मनगटातून आणायचं नाही, खांद्यातून आणायचं, म्हणजे तलवारीच्या टोकाला ते खरं दिसतं. हे त्यांना वडिलांनी शिकवलं, आणि शिकवताना वडिलांनीही देवाचं नाव घेतलं नव्हतं. दर चैत्रात देवळापुढे निखाऱ्यांची अग्गी पेटायची. ईश्वरप्पा ती अनवाणी तुडवून पार व्हायचे, लोक पायांवर लोटांगण घालायचे, आणि त्यांच्या मनात एकच यायचं : यंदाही तू आला नाहीस.

गुडघे गेले तेव्हा तलवार मुलाकडे आली. रुद्रेश भला माणूस. अहमदपूरला धान्याच्या मोंढ्यामागे त्याची पिठाची गिरणी होती. रोज मोटारसायकलवर जायचा, दिवेलागणीला भुवयांवर पीठ घेऊन परत यायचा. अंगाने गोल, बोलायला मऊ. बापाने सगळं शिकवलं, पण पोराच्या खांद्यातून कापरं निघायचं ते अंगावरचं पीठ झटकल्यासारखं. देवळाचे पंच नागप्पा पारावर सगळ्यांसमोर म्हणायचे, "ईश्वरप्पा, तुमचं पोरगं वडप म्हनतंय का गिऱ्हाइकाला नंबर पुकारतंय?" पार हसायचा. रुद्रेशही हसायचा. सहा वर्षं तो हसला.

त्या साली दिवाळीनंतर रुद्रेश बदलू लागला.

आधी सदरे ढगळ झाले. मग पौषाच्या थंडीत तो पांघरूण फेकून, उघड्या अंगाने ओसरीवर येऊन बसू लागला, आणि कपाळावरून घाम निथळायचा. बोलणं भरभर, चालणं भरभर. चहाची बशी धरली की ती कपावर टकटक वाजायची. त्याची बायको सुकन्या एकदा सासऱ्यांना वाढताना हळूच म्हणाली, "मामा, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. आठ-आठ भाकरी खातेत अन् वाळून राहिलेत."

"पोती उचलतोय. अंगमेहनतीनं माणूस उतरतोच, पोरी."

"गिरणी काय आज घेतली का? निजल्यावर ह्यांच्या छातीवरची लिंगाची डबी उडतीय, मामा. आपोआप. मी डोळ्यांनी बघितलंय."

ईश्वरप्पांनी घास खाली ठेवला. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग छातीवर उडतंय, हे पाहून सुकन्या घाबरली होती. ईश्वरप्पांच्या मनात मात्र भलतंच काही हललं, आणि ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

माघात उदगीरला एका व्यापाऱ्याच्या घरचा गुग्गुळ होता. ईश्वरप्पा नेहमीसारखे मागे, संबळवाल्याच्या शेजारी उभे राहिले. मुलाचं कुठे चुकतंय ते टिपायला ते कायम तिथे उभे राहत. रुद्रेशने तलवार उपसली आणि मान वळवली. ईश्वरप्पांचा हात आपोआप छातीशी गेला. पोराचे डोळे खोबणीतून पुढे आले होते. बुबुळाच्या वरही पांढरं दिसत होतं. पापणी लवत नव्हती. तलवारीचं टोक अखंड थरथरत होतं आणि ते कापरं खांद्यातून येत नव्हतं, मनगटातूनही नव्हतं. ईश्वरप्पांना या कलेतल्या साऱ्या चोरवाटा ठाऊक होत्या. त्यांनी त्या एकेक करून तपासल्या. श्वास कोंडलेला नाही, खांदा ढिला आहे, आणि ज्योतीकडे तर त्याने पाहिलंही नाही. ही कला नव्हती. एक आंधळी म्हातारी नातवाचा हात धरून पुढे आली आणि रुद्रेशच्या पायावर डोकं ठेवून रडू लागली. ईश्वरप्पाही रडले. आपल्याला जो एकोणचाळीस वर्षांत भेटला नाही तो पोराला भेटला, असं त्या माणसाला वाटलं. आणि त्या समजुतीपायीच पुढचं सगळं उलटं फिरलं.

यजमानाने पुरवंताला हुग्गी वाढली. गहू कांडून केलेली, गुळात घोटलेली ही खीर पुरवंताने नाही म्हणायची नसते. दिवसभराच्या उपासावर रुद्रेशने ती पाच वाट्या खाल्ली, वर पोळ्या, आणि आडवा झाला.

पहाटे त्याने हाक मारली. "अप्पा, माझे पाय कुठं हायत?"

पाय होते तिथेच होते. ईश्वरप्पांनी चिमटा घेतला तर तो "दुखतंय" म्हणाला. पण अंगठासुद्धा हलेना. यजमानाच्या घरची माणसं दाराशी गोळा झाली. दहाच्या सुमाराला पाय जसे गेले तसे परत आले. रुद्रेश उठून बसला, मुतारीला चालत गेला. यजमानाच्या आईने त्याच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "देव उतरताना पाय घेऊन जातोय. ह्याच्या अंगात लई मोठा देव हाय." आठ दिवसांत ही गोष्ट देगलूरपर्यंत पोचली. पारावरच्या नागप्पांनी रुद्रेशला बघून पहिल्यांदा चप्पल काढली.

दुसऱ्यांदा पाय गेले ते महाशिवरात्रीचा उपास सोडल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी त्याने गिरणीवर ज्वारीची तीस पोती एकट्याने हलवली होती. गावातले डॉक्टर आले, नाडी पाहिली, म्हणाले कमजोरी आहे, उपासाने आली असेल. खिळ्याला ग्लुकोजची बाटली टांगली. बाटली अर्धी झाली आणि रुद्रेशचे हातही गेले. त्याला मानेखालची उशी सरकवता येईना. संध्याकाळपर्यंत तो लाकडासारखा पडून होता.

सुकन्येने त्या दिवशी सासऱ्यांपुढे पहिल्यांदा आवाज चढवला. "मामा, लातूरला न्यायचं. बाटलीनं हात गेले. हे कमजोरीचं न्हाई."

"सव्वा महिन्यावर अग्गी हाय. होऊ दे. मग नेऊ."

"अन् तवर काय झालं तर?"

"देव देतोय त्याला देव सांभाळंल."

हे बोलताना त्यांचा आवाज बरोबर लागला नव्हता. ज्याने आयुष्यभर आवाज लावला त्याला ते कळतं. तरीही ते उठून बाहेर गेले.

अग्गीच्या पाच दिवस आधी पुरवंताच्या मनगटाला कंकण बांधतात. हळकुंड बांधलेला तो दोरा एकदा चढला की उतरेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, आणि तो उतरतो अग्गीनंतरच्या सोमवारी. कंकण बांधताना रुद्रेशचं मनगट इतकं कापत होतं की पूजा सांगणाऱ्या जंगमाला गाठ दोनदा मारावी लागली. लोकांनी त्याचाही जयजयकार केला.

अग्गी पहाटे झाली. शिरसोंडीत एवढी गर्दी कोणी पाहिली नव्हती. रुद्रेश निखाऱ्यांपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यावरच्या रुद्राक्षांच्या माळा दर ठोक्याला उचलल्या जात होत्या. संबळ एका तालात, माळा दुसऱ्याच तालात. ईश्वरप्पांना तो दुसरा ताल ऐकवेना. रुद्रेश निघाला. पहिलं पाऊल, दुसरं. तिसऱ्याला उजवा पाय किंचित घासला. ते हजारभर लोकांतून एकट्या ईश्वरप्पांनी पाहिलं. तो पार झाला. जयघोषात त्यांना मुलाचं तोंड दिसलं. मोठे झालेले ते डोळे कोणाला तरी शोधत होते.

मग पाच घरची हुग्गी. प्रत्येक घराने वाढायची, पुरवंताने खायची. सुकन्या चौथ्या घरी पुढे झाली, "आता पुरे करा हो," म्हणाली, तर नागप्पांनी तिला बाजूला केलं. "देवाच्या ताटात हात घालती का?" ईश्वरप्पा तिथेच होते.

दुपारी रुद्रेश झोपला. चार वाजता सुकन्येने त्याला उठवायला गेल्यावर जी हाक मारली, ती ऐकून ईश्वरप्पा गुडघे विसरून धावले. पाय गेले होते, हात गेले होते, मान उशीवर टाकलेल्या वस्तूसारखी पडली होती. तो बोलत होता, पण आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. छाती वरवर हलत होती. गावातल्या डॉक्टरांना कोणीतरी तोवर बोलावून आणलं. ते बाटली घेऊन दारातच होते.

सुकन्या उंबऱ्यावर आडवी झाली. "बाटली न्हाई लावायची. डॉक्टर, तुमच्या पाया पडते, पण बाटली न्हाई."

ईश्वरप्पा मुलाच्या तोंडाशी वाकले. आता ना संबळ होता, ना वेश. उरलेले डोळे त्यांनी जवळून पाहिले. त्यात देव नव्हता. भेदरलेला माणूस होता, त्यांचा पोरगा, आणि तो बापाकडे असा बघत होता, जणू विचारत होता, तुम्हाला हे माहीत होतं का.

गाडी आली तेव्हा अंगणात नागप्पा उभे होते. "कंकण सुटल्याबिगर शीव ओलांडता येत न्हाई, ईश्वरप्पा. तुमाला सांगायला पायजे का?"

ईश्वरप्पा स्वयंपाकघरात गेले, विळी आणली आणि मुलाचं मनगट मांडीवर घेऊन कंकण कापलं. अंगणातली माणसं दोन पावलं मागे सरली. "सुटलं," ते म्हणाले. "गाडी काढा."

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर मालविका म्हणून एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी रुद्रेशच्या छातीला तारा लावल्या, रक्त काढलं, मग रुद्राक्षाच्या माळा बाजूला करून गळ्यावर बोटं फिरवली. माळांखाली गळा फुगलेला होता. इतके महिने तो कोणी पाहिलाच नव्हता.

"जेवणात काय होतं आज? गोड?"

"पाच घरची हुग्गी," सुकन्या म्हणाली. "अन् मागल्या टायमाला बाटली लावली तवा हात गेले."

"आज नाही ना लावली?"

"न्हाई लावू दिली."

डॉक्टर तारा नीट करत म्हणाल्या, "बरं केलंत. आज लावली असती तर गाडी इथपर्यंत आली नसती."

रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं. पडद्यावर हृदयाची रेघ वेडीवाकडी पळत होती, मध्येच एक ठोका गळायचा. औषध अगदी हळू द्यावं लागेल, घाई केली तर औषधच हृदय थांबवील, आणि कमी पडलं तरी तेच होईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मग त्यांनी म्हाताऱ्याला बाकावर बसवलं आणि समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती बेफाम झाली की माणूस खातो आणि वाळतो, घामाघूम होतो, हात कापतात, छाती धडधडते. काही पुरुषांत आणखी एक होतं. खूप मेहनत करून विसावलं, किंवा पोटभर गोड खाल्लं, की रक्तातलं पोटॅशियम पेशींत जाऊन बसतं आणि स्नायू लुळे पडतात. ग्लुकोजने तर जास्तच.

"अन् डोळे?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"डोळेही त्याचेच, आजोबा."

त्यांनी मान हलवली.

सकाळी सहाला रुद्रेशचा अंगठा हलला. आठव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी आला. सोबत गोळ्या होत्या, रोज न चुकता घ्यायच्या, आणि पाय गेलेच तर लगेच पाजायला पोटॅशियमच्या पातळ औषधाची एक बाटली. ग्रंथी शांत व्हायला महिने लागणार होते. तोवर पोटभर गोड नाही, पोती नाहीत, तलवार नाही. गोळ्या सोडल्या तर कोणत्याही पहाटे हे परत येईल, आणि दर वेळी गाडी वेळेत पोचेलच असं नाही.

गोळ्यांनी काम केलं. आषाढापर्यंत रुद्रेशच्या अंगावर मांस आलं, हात थांबले, डोळे बरेच आत गेले. गाव मात्र रुसलं. नागप्पा म्हणाले, "दवाखान्यात जाऊन देव उतरवून आले." पार पुन्हा हसू लागला. आणि एके दिवशी उदगीरहून दोन पाहुणे गिरणीवर आले. श्रावणात त्यांच्या देवळाच्या गुग्गुळाला पुरवंत ठरवायचा होता. रुद्रेश भुवयांवर पीठ घेऊन पुढे झाला.

"तुमचे थोरले भाऊ कुठं हायत?" एकाने विचारलं. "ते डोळ्यांचे?"

"मीच तो."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा प्यायले, फोन करतो म्हणाले, आणि गेले.

ईश्वरप्पांना हे महिनाभराने, दुसऱ्याच कोणाकडून कळलं. त्याच्याही आधी त्यांना दुसरं काही दिसलं होतं. मुलगा सदऱ्याचं बटण लावताना तीनदा चुकला. श्रावणाच्या गार वाऱ्यात त्याच्या ओठावर घाम होता. सुकन्या म्हणाली, गोळ्या रोज डब्यासोबत देते, गिरणीवर चहानंतर घेतात. ईश्वरप्पा दुसऱ्या दिवशी बस धरून अहमदपूरला आले. गिरणी फिरत होती, पण गिऱ्हाईक कोणी नव्हतं. पट्ट्याच्या मागे, रिकाम्या डब्यात, गोळ्यांची पाकिटं होती. फोडलेली नव्हती.

"हे काय हाय, रुद्रेश?"

रुद्रेशने वर पाहिलं. बुबुळाच्या वर पांढरी कड पुन्हा दिसू लागली होती. "अप्पा, तुमाला चाळीस वर्षं भेटली. मला दोन महिने भेटले."

"त्या दोन महिन्यांत तू मरत व्हतास."

"मग सहा वर्षं जगून काय करत व्हतो? लोकांचं हसणं ऐकत व्हतो. उदगीरला ती म्हातारी माझ्या पायावर रडली, अप्पा. डॉक्टरबाईला काय ठाव? तुमाला तर ठाव हाय. तुमच्या अंगात येत व्हतं."

ईश्वरप्पांनी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत ते थांबले. मग गिरणीच्या मधोमध उभे राहिले, पाय रोवले आणि श्वास पोटात कोंडला. एकाहत्तर वर्षांच्या मानेच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या. डोळे पसरले, लाल झाले, हात उचलला आणि खांद्यातून कापरं उतरत उतरत बोटांच्या टोकाला आलं. त्यांनी वडपाची एकच ओळ गर्जली. पत्र्यावरचं पीठ खाली आलं. रुद्रेश भिंतीला टेकला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

ईश्वरप्पांनी श्वास सोडला. हात खाली आला. समोर दम लागलेला एक म्हातारा उभा होता.

"कुठं गेला देव?" त्यांनी विचारलं. "बघ की. आता व्हता ना?"

रुद्रेशने जोडलेले हात सोडले.

"एकदाबी आला न्हाई. एकोणचाळीस वर्षं. माझ्या बापाच्याबी आला न्हाई."

"अग्गीत?"

"पोळायचं. तुझी माय लोणी लावायची. तिलाबी वाटायचं उन्हानं पाय भेगाळले."

"लोकांना फसवलं तुमी."

"हाव."

"मला?"

"तुला जास्त. मला वाटलं जे मला भेटलं न्हाई ते तुला भेटलं. म्हनून तुझं मरण मी डोळ्यांनी बघत, खुशीत उभा राहिलो. मला आता कोनी पाया पडू नये. पन तू गोळी घे."

रुद्रेशने पुढे होऊन बटण दाबलं आणि गिरणीच्या आवाजात बापाकडे पाठ केली. ईश्वरप्पा एकटेच बसने परत आले. घरी जाता जाता ते पारावर थांबले आणि नागप्पांना, बसलेल्या सगळ्यांना, तेच सांगून आले. कोणी हसलं नाही. कोणी त्यांना 'बसा'ही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुकन्या समोर उभी राहून गोळी देऊ लागली, आणि रुद्रेश ती घेऊ लागला. बापाशी मात्र तो एक शब्द बोलला नाही. सुकन्येने फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, सोडलेल्या गोळ्या पुन्हा लागू पडायला कित्येक आठवडे जातात. तोवर पहाट सांभाळा. ईश्वरप्पा रोज चार वाजता उठून मुलाच्या खोलीच्या दाराशी बसत. आतून पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला की उठून जात, म्हणजे त्याला आपण दिसू नये.

सहाव्या दिवशी फटफटलं, चिमण्या बोलू लागल्या, तरी आवाज आला नाही. ईश्वरप्पांनी दारावर हात ठेवला, पण ढकलायचा धीर होईना. आत सुकन्या कोणाशी तरी फोनवर गाडीचं बोलत होती, आणि डॉक्टरांनी देऊन ठेवलेल्या पातळ औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"अप्पा." रुद्रेशचा आवाज होता. सहा दिवसांनी. "दारात हाव का?"

"हाव."

"घाबरू नका. औषध घेतलंय. पाय हलवून बघून राहिलो."

ईश्वरप्पा उंबऱ्याशी खाली बसले.

"एक हलला," आतून आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा बारीक. "दुसऱ्याची वाट बघून राहिलो. तुमी जाऊ नका."